पा इयमने सोडलेला हात

“लुआंग फी, तुम्हाला शेवटचं काहीतरी हवंहवंसं कधी वाटलं होतं?”

प्रश्न माझा नव्हता. चॉम्पू आणि बैतोय या माझ्या दोन मैत्रिणींनी जेवणाच्या सुट्टीत पैज लावली होती की क्रथिन, म्हणजे मी, हे नीतीच्या तासाला भिक्खूंना विचारूच शकणार नाही; विचारलं तर आठवडाभर बर्फाचा चहा त्यांच्याकडून. बिचाऱ्या जुन्या क्रथिनला ओळखत होत्या. जुनी क्रथिन हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना सुद्धा घशातल्या घशात म्हणायची. पण गेल्या महिन्यात मी जिल्ह्याच्या भाषणस्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही असं आई म्हणते.

शिवाय समोर उभे होते ते काही परके भिक्खू नव्हते. थोरल्या भावाच्या वयाच्या भिक्खूला सगळेच लुआंग फी म्हणतात, पण हे खरोखरच माझे भाऊ होते. माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे पा इयमचा एकुलता एक मुलगा खेम. गेली दहा वर्षं ते आमच्या गावच्या विहारात आहेत आणि दर गुरुवारी शाळेत शिकवायला येतात.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला एक गंमत करायला लावली होती. ‘हवंसं वाटणं’ याला आपण रोज काय काय म्हणतो ते सांगा. पोथीतलं नको, बाजारात बोलतो ते. वर्ग मोकाटच सुटला. कुणी म्हणालं आग, मनाला आग लागते म्हणतो. कुणी म्हणालं तहान. बैतोय म्हणाली मळ. दुकानात नवी बॅग दिसली की आम्ही पोरी ‘मळ चढला गं’ म्हणतोच. “आणि चॉम्पूचा मळ तर गूळ आटवायच्या कढईच्या बुडासारखा आहे, खरवडूनही निघत नाही,” असं मी म्हटल्यावर चॉम्पूने मला चिमटा काढला. मग फास आला, चिखल आला, पूर आला, गुलामी आली. आणि नको असलेलं हवंपण संपवायचं असेल तर? मन कापायचं. किंवा हातातलं ओझं खाली ठेवून द्यायचं. प्रेमभंग झालेला मुलगा असो की परीक्षेसाठी मालिका सोडणारी मुलगी, सगळे ‘मन कापलं’ असंच सांगतात.

लुआंग फींनी सगळं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, “बघा, एवढ्या शब्दांत एकही गोड नाही. जळणं, चिकटणं, आवळणं, बुडणं. बुद्धांनी सांगितलं ते आपण ऐको न ऐको, आपली जीभ केव्हापासूनच ते बोलते आहे.”

तेव्हा मी हात वर करून तो प्रश्न विचारला.

लुआंग फींनी खडूकडे पाहिलं. “आत्ताच वाटलं. लांब खडू हवा होता. हा संपत आलाय.” सगळे हसले. “आता हे विचारण्याबद्दल तुला काय मिळणार आहे ते सांग.”

“चहा,” मी म्हटलं.

“मग तुझा मळ माझ्यापेक्षा जाड,” ते म्हणाले, आणि तास संपला.

वर्ग सुटल्यावर मात्र त्यांनी मला दाराशी थांबवलं. भिक्खूंनी मुलीशी एकट्याने बोलायचं नसतं, म्हणून माझ्या दोघी मैत्रिणींनाही थांबावं लागलं.

“खरं उत्तर देतो,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “आज सकाळी वाटलं. भिक्षेला आलो तेव्हा योम आई दारात नव्हत्या. त्या असाव्यात असं वाटलं. कशा आहेत त्या?”

योम म्हणजे चिवर न घातलेला, भिक्खूंना अन्न घालणारा माणूस. एकदा चिवर घातलं की जन्म दिलेल्या आईलाही तसंच म्हणायचं. आणि पा त्यांना ‘तुम्ही’ म्हणते. दहा वर्षं ती रोज सकाळी दारात अनवाणी उभी राहायची, गरम भाताचा वाडगा कपाळाला लावायची, ते पात्राचं झाकण उघडायचे, ती भात घालून गुडघ्यांवर बसायची, ते आशीर्वादाची गाथा म्हणायचे आणि निघायचे. मायलेकांची भेट एवढीच.

“उठवत नाही आता तिला,” मी सांगितलं. “डोळे पिवळे झालेत. पोट नगाऱ्यासारखं. हॉस्पिटलवाले म्हणाले घरी न्या, आता करण्यासारखं काही नाही.”

ते ‘बरं’ म्हणाले. मग चपला घालायला विसरून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. चॉम्पूला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं.

पा आमच्याच घरी होती. आमचं घर खांबांवर आहे, आणि खाली, भट्टीच्या शेजारी, जिथे वारा येतो तिथे तिची खाट टाकली होती. बाबा पहाटे आणि संध्याकाळी ताडावर चढून बांबूच्या नळकांड्यांतून रस उतरवतात; आई तो आटवून गूळ करते. आधी हे आटवायचं काम पा इयमचं होतं. चाळीस वर्षं. खाटेवर पडल्या पडल्या ती नुसत्या वासावरून सांगायची, “गं, जाळ कमी कर. लागतोय तळाला.” आणि खरंच लागत असायचा.

त्या संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते. ती म्हणाली, “तुला बक्षीस मिळालं ना बोलण्याचं?”

“पहिलं.”

“कशावर बोललीस?”

“मोह कसा सोडावा यावर.”

“अगं बाई. सोळाव्या वर्षी.” ती हसली, आणि हसताना तिला दुखलं. “मग एक काम कर माझं. लुआंग फींना विचार, एकदा माझा हात धरतील का.”

मी पाय चेपायचं थांबवलं.

“त्यांना बाईला शिवलेलं चालत नाही, पा. आईला सुद्धा नाही.”

“ते मला शिकवतेस? मीच दिलं ना त्यांना विहाराला. तीन महिन्यांसाठी दिलं होतं, सगळ्यांची पोरं पावसाळ्यापुरती जातात तसं.” ती वर पाहात राहिली. “पोराच्या चिवराचा पदर धरून आई स्वर्गात जाते म्हणतात. सगळ्या गावाने नाच केला. तीन महिने झाले, मी त्यांची पँट-शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवली. ते आले नाहीत. सगळ्यांनी येऊन माझे पाय धरले, म्हणाले केवढं तुझं पुण्य. मी म्हटलं हो, केवढं पुण्य. स्वर्गबिर्ग नको गं मला. हात हवाय. वीस वर्षं धरलेला हात आहे तो. जा, विचार.”

पा इयमने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चॉम्पू आणि बैतोयला घेऊन विहारात गेले. लुआंग फी अंगण झाडत होते. मी माझ्या बक्षीसवाल्या आवाजात, मुद्द्यामागून मुद्दा मांडत, सगळं सांगितलं.

ते झाडत राहिले. “नाही,” म्हणाले.

“आई आहे ती.”

“म्हणूनच. रस्त्यात कुणा बाईचा हात चुकून लागला तर मला काही होणार नाही. यांचा हात धरला की मी परत त्या भट्टीपाशी जाऊन बसेन, आणि उठणार नाही. आग ती तिथेच आहे, क्रथिन. बाकीच्या सगळ्या ठिणग्या.”

“आणि तिचं काय?”

“त्यांचं तर आणखीच अवघड आहे.” आता त्यांनी खराटा टेकवून ठेवला. “शेवटच्या क्षणी मन जिथे अडकतं तिथेच माणूस पुढे जातो. त्यांचं मन माझ्या हातात अडकलं तर? कुठे जातील त्या? मी रोज संध्याकाळी येईन, सूत्र म्हणेन. त्यांचं मन कापलं जावं म्हणून जे करता येईल ते करेन. पण फास सोडवायचा म्हणून तोच फास आवळायचा नसतो.”

“लुआंग फी,” चॉम्पू मध्येच म्हणाली, “पण म्हातारं माणूस आहे हो ते. मरायला टेकलंय.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. आणि पुन्हा झाडायला लागले. अंगणात एक पान उरलेलं नव्हतं.

ते दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले. पाच वाजता यायचे, खाटेपासून दोन हातांवर चटईवर बसायचे आणि सूत्र म्हणायचे. पा सूत्र ऐकत नसे. ती त्यांच्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघायची. बघणं इतकं उघड होतं की आई लाजून भट्टीकडे जायची.

मला एक युक्ती सुचली. बाईने भिक्खूंना काही द्यायचं तर ते हातात देत नाहीत. भिक्खू एक कापड पसरतात, त्याचं एक टोक धरून ठेवतात, आणि ती कापडावर वस्तू ठेवते. मी म्हटलं, पा, तू त्यांना काहीतरी दे. कापडाचं एक टोक त्यांच्या हातात असेल, दुसऱ्या टोकाला तू बोट लाव. मधे कापड असलं म्हणून काय झालं. पाने नाक मुरडलं, पण तयार झाली. मी बशीत गुळाची एक ढेप ठेवली.

लुआंग फींनी पिवळं कापड पसरलं. मी पाचा हात उचलून त्यावर बशी ठेववली. बशी ठेवून झाली तरी पाने कापडाचं टोक सोडलं नाही. मुठीत धरलं. तिच्यात त्राणही नव्हतं, पण तिने ओढलं. कापड ताणलं गेलं. लुआंग फींनी आपलं टोक धरून ठेवलं होतं. दोघं तशीच, ती त्यांच्याकडे बघते आहे, ते कापडाकडे. ढेप घरंगळून बशीच्या कडेला आली. किती वेळ गेला माहीत नाही. आटवणीच्या कढईत एक उकळी येऊन जाईल एवढा. मग लुआंग फींनी बोटं उघडली. कापड पाच्या छातीवर येऊन पडलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, “घडी करून ठेव. त्यांना लागेल ते.” आणि मग, “कापड नको होतं गं मला.”

त्यानंतर तिची नजर गेली. डोळे उघडे असायचे, पण कुणाला ओळखायची नाही. आवाजावरून, पावलांवरून ओळखायची. खाणं सुटलं. झोप नाही, गुंगी नाही, फक्त एकच विचारायची: “विचारलंस का? काय म्हणाले?” आई तिला “अरहं, अरहं म्हण ताई” असं कानात सांगायची. मरणाऱ्याच्या तोंडी शेवटचा शब्द बुद्धांचा असावा म्हणून हे सांगतात. पा म्हणायची, “अरहं. विचारलं का?”

तिसऱ्या दिवशी मी आई-बाबांना भट्टीमागे बोलावलं आणि सांगितलं की आपण तिला हात देऊ या. कुणाचाही. तिला दिसत नाही. लुआंग फी सूत्र म्हणत असताना बाबांनी तिचा हात धरायचा, आणि आधी मी तिला सांगेन की आज ते धरणार आहेत.

“खोटं?” आई म्हणाली. “मरणाऱ्या माणसाशी?”

आता इथे मी गप्प बसले असते तर. पण मला बोलता येत होतं. मी म्हटलं, लुआंग फीच सांगतात की अडकलेल्या मनाने जाऊ नये. मग मन मोकळं करणं हे पुण्यच. तहानलेल्याला पाणी दिलं की तहान संपते, कुठल्या विहिरीचं ते कुणी विचारत नाही. खोट्याचं पाप लागलंच तर मला लागू दे, मी लहान आहे, फेडायला वेळ आहे माझ्याकडे. असं बरंच. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते, जसे बक्षीस घेताना बघत होते तसे.

“हात बघ माझे,” ते शेवटी म्हणाले. रोज ताडावर चढून बाबांचे तळवे सुकलेल्या सुसरीसारखे झालेत. आणि दहा वर्षं भिक्खू असलेल्या माणसाचा हात मऊ असणार, एवढं पा इयमलाही कळेल.

मग आमची दुपार हसण्यातच गेली, हे सांगायला मला लाज वाटते. बाबांनी परातीत कोमट पाण्यात हात बुडवले. मी वजरीने घट्टे घासले, ते ‘हळू गं, कातडं माझंच आहे’ म्हणत राहिले. मग खोबरेल तेल. एकदा, दोनदा, तीनदा. आई म्हणाली, “लग्नात सुद्धा एवढे मऊ नव्हते.” बाबा म्हणाले, “लग्नात तू बघितलेस कुठे, मान खाली होती तुझी.” खूप दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. मी वासाचा सुद्धा विचार केला. विहारातला उदबत्तीचा वास यावा म्हणून बाबांचे हात धुरावर धरायला लावले.

पाच वाजता लुआंग फी आले. ते पाय धुवायच्या आत मी पाच्या कानाशी वाकले. “पा, ते हो म्हणाले. आज धरतील. पण बोलायचं नाही हं, सूत्र चालू असेल.”

पाचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. तिने फक्त विचारलं, “केस नीट आहेत का माझे?”

मी फणी फिरवली. लुआंग फी चटईवर बसले, डोळे मिटून सूत्र सुरू केलं. बाबा खाटेच्या पलीकडे, डोक्याच्या बाजूला बसले होते. बाबांनी मेव्हणीचा हात धरणं यात कुणाला काही वाटण्यासारखं नव्हतं. मी मान हलवली. बाबांनी तिचा हात आपल्या हातांत घेतला.

पा इयमची बोटं आधी घट्ट मिटली. मग तिने अंगठा फिरवला. तळव्यावरून, बोटांच्या पेरांवरून, पुन्हा तळव्यावर. एका जागी थांबला. परत तिथेच आला. मग पाने हात सैल सोडला. बोटं एकेक करून उघडली, हात बाबांच्या हातांतून ओढून घेतला आणि खाटेवर, तळवा वर करून, ठेवून दिला.

नेमके त्याच वेळी लुआंग फींनी डोळे उघडले. त्यांनी एवढंच पाहिलं: आईचा हात माणसाच्या हातातून निघाला आणि उघडा होऊन पडला. त्यांनी सूत्र शेवटपर्यंत म्हटलं, पण आवाज बदलला होता. ओला झाला होता.

उठताना ते माझ्या आईला हळूच म्हणाले, “योम, बघितलंत? ठेवून दिलं त्यांनी. मन कापलं गेलं. आता काळजी नाही.” आणि त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. भिक्खू जन्म दिलेल्या आईलाही नमस्कार करत नाहीत. तो त्यांनी तिला केला की बुद्धांना, मला माहीत नाही.

ते फाटकाबाहेर गेल्यावर पा म्हणाली, “क्रथिन.”

“हं, पा.”

“तुझ्या बाबाला सांग, तेल जरा जास्त झालं.”

बाबा तिथेच होते. ते उठून भट्टीमागे गेले.

मी रडायला लागले. पा म्हणाली, “रडू नकोस, अंगावर पाणी पडतं. ते जवळ आलेच नाहीत ना?”

“नाही.”

“मला वाटलं आले.” थोड्या वेळाने म्हणाली, “इतका वेळ त्यांचा आवाज दुरूनच येत होता. मी कानांवर विश्वास ठेवला नाही.”

“पा, सोडून दे गं. नको धरून ठेवूस.” दुसरं काही सुचेना. भाषणातलंच बोलले.

“सोडायला आधी हातात यायला लागतं, पोरी,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. सकाळी, भिक्खू भिक्षेला रस्त्यावर असताना, ती गेली. हात खाटेबाहेर लोंबत होता, बोटं अशी वाकलेली, जशी काहीतरी धरताना असतात.

दुपारी विहारात तिला न्हाऊ घातलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा उजवा हात उशीवर ठेवतात आणि सगळे रांगेने येऊन त्यावर सुगंधी पाणी ओततात. चॉम्पूने ओतलं, बैतोयने ओतलं, शाळेतल्या बाईंनी ओतलं. लुआंग फी शेवटी आले. वाटी उंच धरून त्यांनी पाणी सोडलं. बारीक धार तिच्या तळव्यावर पडली, बोटांतून निथळली. त्यांचा हात तिच्या हातापासून वीतभर वर होता. वाटी रिकामी झाली तरी त्यांनी ती तशीच वाकडी धरून ठेवली होती. थोरल्या भिक्खूंनी खाकरल्यावर बाजूला झाले.

आणि त्यांच्या चेहऱ्यावर शांती होती. खरीखुरी. तेच मला सहन होईना. पहिल्या संध्याकाळच्या प्रवचनात त्यांनी गावासमोर सांगितलं की चाळीस वर्षं आगीपाशी बसलेली एक बाई शेवटच्या दिवशी मूठ उघडते आणि निघून जाते, याहून मोठा धडा मी कुठल्या पोथीत वाचला नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी बाजारात मी गेले तर मासेवाली तेच सांगत होती. तिसऱ्या दिवशी बैतोय म्हणाली, “पुढच्या गुरुवारी लुआंग फी हे वर्गात सांगणार आहेत. फळ्यावर लिहून.”

त्या तीन दिवसांत मी ताडांकडे वर मान करून बघितलेलं नाही. आमच्याकडची लहान पोरंसुद्धा जाणतात की मनात भूक ठेवून गेलेल्या माणसाचं भूत ताडाएवढं उंच होतं. हात ताडाच्या पानांएवढे पसरलेले आणि तोंड सुईच्या नेढ्याएवढं. त्याला स्वतःहून काही मिळत नाही. मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने अन्न द्यावं, पाणी सोडावं, तरच त्याच्या तोंडात थेंब पडतो. आणि पाच्या नावाने पाणी सोडताना लुआंग फी काय म्हणत होते? ‘मोकळी झाली, आणखी वर जावो.’ भुकेल्यासाठी ते काहीच मागत नव्हते. जेवलेल्या माणसाला आपण आग्रह करतो तसं चाललं होतं.

आज दुपारी चार वाजता दहन आहे. सकाळी आई स्वयंपाकघरात भिक्खूंसाठी डबे भरत होती, बाबा केळीची पानं पुसत होते. मी दारात उभी राहून म्हटलं, “पा भुकेली गेली असेल तर?”

आईच्या हातातला डाव थांबला. “काय बोलतेस. सगळ्या गावाने ऐकलंय ती कशी गेली.”

“सगळ्या गावाने ऐकलंय. आपण बघितलंय.”

“तिने हात सोडला.”

“बाबांचा सोडला,” मी म्हटलं. “तिचं ते तेलाबद्दलचं बोलणं बाबांनीही ऐकलंय. विचार त्यांना.”

बाबांनी पान पुसणं थांबवलं नाही. “तिला कळलं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “अंगठा थांबला तेव्हाच मला कळलं की तिला कळलं.”

आई डब्याचं झाकण लावत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “हे या घराबाहेर जायचं नाही. खेमला कळलं तर तो चिवर उतरवेल. दहा वर्षं. माझ्या बहिणीने आयुष्यभर मिळवलेलं एवढंच आहे, तेही मातीत जाईल. तो समाधानात आहे ना? राहू दे की.”

“आपल्याच खोट्यावर आहे ते समाधान. माझ्या. बोलले मीच ना सगळं.”

“तू लहान आहेस. पुढे कळेल तुला.”

“आई, ते तिला मोकळी समजून बसलेत. भुकेली आहे हेच ज्याला माहीत नाही, तो तिला जेवायला काय घालणार? आणि तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं नको होतं. हे तर आपण करूनच बघितलं.”

“क्रथिन,” बाबा म्हणाले. रागावून नाही. त्यांना वाटत होतं मी पुन्हा मुद्दे मांडणार, आणि ते पुन्हा ऐकणार. पण माझ्याकडे मुद्दे नव्हते.

“मी चॉम्पू आणि बैतोयला बोलावलंय, त्या फाटकाशी उभ्या आहेत,” मी म्हटलं. “आम्ही आता विहारात जातोय. दहनाच्या आधी मी लुआंग फींना सांगणार आहे की तो हात बाबांचा होता, खोटं माझं होतं, आणि पा तुमचाच हात शोधत गेली. मग ते रडू देत, चिवर उतरवू देत, मला शाप देऊ देत. मी तुम्हाला विचारत नाहीये, आई. सांगतेय.”